पुढच्या डिक्कीतल्या पिशवीबाबत

जबाब देणार : दीक्षा व्यंकट बनसोडे, वय ४७ वर्षे, व्यवसाय अर्जलेखक, रा. तहसील कार्यालयाच्या मागे, लोहारा, जि. धाराशिव.

मी समक्ष ठाण्यात हजर होऊन, विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर पती व सासू यांच्यासह राहते. तहसीलसमोर लिंबाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देते. कागदावर एक शब्द वाकडा पडला की माणूस त्याच्यापायी किती हेलपाटे घालतो, हे मी रोज पाहते. म्हणून हा जबाब मी सावकाश देत आहे. लिहून घेणारे हवालदार मघापासून घड्याळ पाहत आहेत. घड्याळ त्यांचे आहे.

अमरदीप प्रेमानंद सरवदे, वय २७, हा माझ्या मयत भावाचा मुलगा. भाऊ गेल्यापासून तो माझ्याकडेच वाढला. सध्या पुण्यात कंपनीत नोकरीस आहे. त्याने यंदा एक जुनी, लाल रंगाची स्पोर्ट्स कार घेतली. तीत दोनच माणसे बसतात. तिचे इंजिन मागे असून डिक्की पुढे आहे. ही बाब या प्रकरणात महत्त्वाची असल्याने पुन्हा सांगते, डिक्की पुढे आहे. कंपनी त्याला लवकरच जर्मनीला पाठवणार असून, पासपोर्टसाठीची पोलीस चौकशी अद्याप व्हायची आहे.

शनिवारी अमरदीप लोहाऱ्याला आला. रविवारी त्याला आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला, होणाऱ्या सासुरवाडीस जायचे होते. मी गाडी पाहून त्याला स्टेपनी कुठे आहे असे विचारले.

"ह्या गाडीला स्टेपनी नसती, आत्या. फेसाची बाटली असती. टायरमदी मारायची."

"फेस दाढीला मारतेत. गाडीला चाक लागतं," असे मी म्हणाले.

त्यानंतर मी स्वतः कल्याणप्पा यांच्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन सामान घेतले. जॅक पाहून कल्याणप्पा म्हणाले, "ताई, ह्यो जीपचा जॅक हाय. त्या गाडीखाली मांजर सुदिक जायचं न्हाय." मांजर न्यायचे नाही, जॅक द्या, असे मी सांगितले. जॅक त्या गाडीला बसत नाही हे मला तेव्हाही ठाऊक होते. तरी घेतला. रस्त्यावर कोणाची गाडी बंद पडलेली असेल ते आधी सांगता येत नाही.

माझा भाऊ प्रेमानंद हा लोहारा ते माकणी सवाऱ्या नेणारी वडाप जीप चालवत होता. कारखान्याच्या हंगामात एका संध्याकाळी त्याच्या जीपचे मागचे चाक फुटले. तो चाक खोलत बसला असता मागून उसाची ट्रॉली आली. जीपला ट्रॉली लागली नाही. जीप जागची हलली नव्हती, चाकाखाली दगड होता. गाडीत उजेडाला हातातली बॅटरी नव्हती. लाल त्रिकोण नव्हता. त्या वेळच्या पंचनाम्यात दगडाचा उल्लेख नाही. तो मी घरी आणला. याबाबत अधिक सांगायचे नाही.

शनिवारी संध्याकाळी पिशवी मी एकटीने भरली. जड सामान तळाला. जॅक, पान्हा, जॅक फिरवायची टॉमी. त्यावर तो दगड, माझ्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून. मग ओढायची नायलॉनची दोरी, हातमोजे, पंक्चर काढायचा टोच्या व हवेचा लहान पंप. बॅटरी आणि लाल त्रिकोण सगळ्यात वर, कारण अंधारात आधी तेच हाताला लागले पाहिजे. अमरदीप म्हणाला, "आत्या, ही स्पोर्ट्स कार हाय, गॅरेज न्हाय." मी म्हणाले, "मग शर्यतीला निघालास का सोयऱ्यांकडं?"

त्या डिक्कीत भाकरीच्या टोपलीएवढीच जागा आहे. दुसरी पिशवी मावत नव्हती. म्हणून काळ्या तिखटाचा डबा त्याच पिशवीत खोचला. सोयऱ्यांच्या घरच्या पुतळाबाईंना आमचे तिखट आवडते. या गुन्ह्यात माझा भाग असेल तर तो एवढाच.

यापुढची हकीकत मला अमरदीपने सांगितली असून, नाकाबंदीवर असलेले व आता हा जबाब लिहून घेणारे हवालदार श्री. बब्रुवान तांबारे यांनी ती माझ्यासमोर नाकारलेली नाही.

रविवारी सकाळी नाकाबंदीत गाडी थांबवली. नाव विचारले. आडनाव विचारले. मग गाडी कुणाची असे विचारले. माझी, असे त्याने सांगितले. कागद दाखवले. कागदावर त्याचेच नाव होते. त्यानंतर, मालक कुठे आहे, असे विचारले.

डिक्की उघड म्हटल्यावर अमरदीप गाडीच्या पुढे गेला. हवालदार म्हणाले, "ए, तिकडं कुठं पळतो?"

"साहेब, डिक्की पुढं हाय."

"माझी मस्करी करतो व्हय रे? जलम गेला माझा गाड्या तपासण्यात."

त्यांनी मागचे झाकण उघडायला लावले. आत इंजिन दिसले. तेव्हा, "डिक्कीत इंजिन कुठनं आणलं?" असा प्रश्न झाला. त्यावर अमरदीप हसला. तो हसला नसता तर बरे झाले असते, हे मी मान्य करते. पण विचारणाऱ्याने दुसरा मार्ग ठेवला नव्हता.

मग पुढची डिक्की उघडून पिशवी ताब्यात घेतली. कागदावर पुढीलप्रमाणे लिहिले गेले. टॉमीचा लोखंडी गज झाला. टोच्याचे अणकुचीदार हत्यार झाले. दोरी, हातमोजे व बॅटरी यांची नावे बदलली नाहीत, फक्त हेतू बदलला. दगडापुढे 'फेकण्याचा' असे लिहिले. काळ्या तिखटाची मिरची पूड झाली. खाली 'दरोड्याच्या तयारीत' असे लिहिले. हे शब्द मला ओळखीचे आहेत. या शब्दांत अडकलेल्या पोरांमागे फिरणाऱ्या आयाबायांचे अर्ज मी लिहीत असते.

याबाबत माझे म्हणणे असे की, दरोड्याला कायद्याने किमान पाच माणसे लागतात. या गाडीत दोन बसतात. त्या दिवशी एकच होता. बाकीचे चौघे मागून एसटीने येणार होते काय, असे मी हवालदारांना विचारले. तिखटात खोबरे, कांदा व धने आहेत. डोळ्यात टाकायच्या पुडीला कोणी खोबरे भाजत बसत नाही.

फोन आल्यावर मी लोहाऱ्याहून जीप व एसटी असे करत दुपारी या ठाण्यात पोहोचले. मुद्देमाल टेबलावर होता. मी भरताना पुसून ठेवलेला जॅक चिखलाने भरला होता. टॉमीला ताजे ग्रीस होते. तिखटाचा डबा अर्धा होता. दगड नव्हता.

तो मला अंगणात दिसला. ठाण्याच्या जीपचे मागचे चाक नुकतेच बदललेले असून, दगड पलीकडच्या चाकाखाली होता. चाक कोणी बदलले असे विचारता, "आरोपीनं," असे उत्तर आले. जीपमध्ये जॅक नव्हता, म्हणून मुद्देमालातला वापरला आणि तो चालवायला अमरदीपलाच बाकावरून उठवले. त्याने आधी दगड लावला, मग जॅक. हे मी त्याला शिकवलेले नाही.

हे वाक्य लिहा म्हटल्यावर हवालदारांनी पेन खाली ठेवले.

"ताई, जीपचं तेवढं गाळा. पोराला आत्ता सोडतो. तोंडी सांगतो, मिटलं."

"तोंडी मिटलं ते तोंडापुरतं. नोंद कागदावर हाय. मिटू द्या बी कागदावर."

"म्या तुमच्या भल्याचं सांगायलोय."

"पासपोर्टवाले कागद वाचतेत, हवालदारसाहेब. तुमचं भलं त्यांना कुठनं दिसणार?"

पेन खालीच राहिले. मीही उठले नाही. चहा विचारला, तो घेतला नाही. 'संशयित' हा शब्द कागदावर असेपर्यंत अमरदीपला घेऊन मी जाणार नाही, आणि त्याला सोडूनही जाणार नाही, असे सांगितले. बाकावरून अमरदीप म्हणाला, "आत्या, जाऊ दे, मी पुन्हा येईन." पुन्हा यायला लागू नये म्हणूनच बसले आहे, असे मी त्याला सांगितले.

थोड्या वेळाने उपनिरीक्षक महेश्वरी बिराजदार मॅडम आल्या. त्यांनी इथपर्यंतचा जबाब मागून घेऊन वाचला. मग हवालदारांना दोन गोष्टी विचारल्या.

"जीपचं चाक कशानं बदललं?"

"ह्याच जॅकनं, मॅडम."

"आणि तिखट?"

"डब्यातल्या भाजीला चव नव्हती, मॅडम."

मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "म्हणजे जॅकनं चाक बदलतंय आणि तिखट जेवणात चालतंय, हे आपणच सिद्ध केलं. लिहा तसं." त्यांनी माझ्यासमोर नोंद करायला लावली की, पिशवीतील वस्तू वाहन दुरुस्तीच्या व जेवणाच्या असून, अमरदीप प्रेमानंद सरवदे याच्याविरुद्ध संशयास्पद काही आढळले नाही, आणि गाडी त्याच्या मालकीची आहे. शेवटचे वाक्य मी मागितले. ते मिळाले.

पिशवी परत घेऊन मी ती ठाण्याच्या अंगणात पुन्हा भरली. जड तळाला, बॅटरी व त्रिकोण वर. तिखटाचा डबा ठाण्यातच ठेवला आहे. अर्धा डबा सोयऱ्यांकडे नेता येत नाही.

दगड काढायला हवालदार वाकले तेव्हा जीप मागे सरकली. तिचा हँडब्रेक लागत नाही. खाली उतार असून तिथून रस्ता जातो. अमरदीप म्हणाला, "ऱ्हाऊ दे, आत्या." त्यामुळे दगड तिथेच आहे. तो मी दिलेला नाही, ठेवलेला आहे. हँडब्रेक दुरुस्त झाल्यावर तो मला परत मिळावा. मी विचारायला येत राहीन.

हा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. जीपचे वाक्य त्यांनी भरभर वाचल्याने मी तो स्वतःही वाचला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर असून त्यात गाळलेले काही नाही. वस्तूंच्या यादीत दगडापुढचा 'फेकण्याचा' हा शब्द खोडून 'चाकाखाली लावण्याचा' असे केले आहे. त्या खाडाखोडीवर माझी सही आहे.

(सही)
दीक्षा व्यंकट बनसोडे