वाळूतला क्रूस

रुस्लाना : आधी दार लावून घ्या, युखिमोविच. सोलोमिया अंगणात आहे, पण तिचे कान तिखट आहेत. हं, आता सांगा. हा क्रूस तुम्ही खोचलात?

पानास : मग काय मांजराने खोचला? मीच. लिंडनच्या लाकडाचा आहे, हाताने घासलाय. तुझ्या प्लास्टिकच्या घोड्यांपेक्षा बरा.

रुस्लाना : कधी?

पानास : मंगळवारी. तू तिला हात धुवायला नेलंस तेव्हा. काचेतून दर वेळी बघतो ना मी. नात माझी, बाप म्हणून लाकडी बाहुलं वाळूत पुरते, वर ढीग करते. आणि डोक्याशी क्रूस नाही. मला बघवेना.

रुस्लाना : या वाळूच्या पेटीला मीसुद्धा हात लावत नाही. ती जशी सोडून जाते तशी झाकून ठेवते. आज सकाळी झाकण उघडलं, तर हे.

पानास : तू किव्हला जाऊन पाच वर्षं पोरांच्या मनावरचे उपचार शिकलीस आणि येऊन वाळू झाकतेस. एवढा इलाज आमच्या मांजरालाही येतो.

रुस्लाना : इथे एक नळी होती. सरबत प्यायची. तिचं काय केलंत?

पानास : कचरा समजून काढली. तिच्याच भोकात क्रूस बसवला. घट्ट बसला.

रुस्लाना : तो त्या नळीतून श्वास घेत होता.

पानास : कोण?

रुस्लाना : ओस्ताप. तिने बाबाला पुरलं नव्हतं, युखिमोविच, लपवलं होतं. हे चार प्लास्टिकचे शिपाई बघा. दर वेळी ती त्यांना सगळी वाळू तुडवायला लावते, आणि त्यांना तो सापडत नाही. सहा आठवडे ती दर वेळी जिंकतेय. तुम्ही नेमकी त्या जागेवर खूण केलीत.

पानास : मला काय ठाऊक! पोरगी ढीग करते, मी ढीगच बघणार. शिपाई गावात शिरले त्या मार्चपासून या गावाचे एकोणीस क्रूस मीच केलेत.

रुस्लाना : पण ओस्ताप बेपत्ता आहे. बेपत्ता माणसाला तुम्ही क्रूस का केलात?

पानास : सोमवारी फोन आला. गेल्या वर्षी डीएनएसाठी गालात कापूस फिरवून नेला होता ना माझ्या, तो जुळला. नाक्यापलीकडच्या जंगलात जे सापडले, त्यांतला एक आपला ओस्ताप. उद्या आणतायत. सून पोलंडहून पहाटेच्या बसने उतरेल. दुपारी माती.

रुस्लाना : आणि सोलोमियाला?

पानास : नाही सांगितलं.

रुस्लाना : उद्या आई दारातच हंबरडा फोडेल. तेव्हा कळायचं तिला?

पानास : म्हणून तर क्रूस केला! म्हटलं, बघेल आणि समजेल. पोरगी खेळातूनच बोलते असं तूच म्हणतेस ना? मग तो कापडी ससा घाल हातात. त्याच्याशी ती गप्पा मारते. त्याला सांगू दे.

रुस्लाना : सशाने सांगितलं तर उद्या म्हणेल, खेळ होता. या खोलीत काहीच खरं नसतं, म्हणून तर तिला इथे सगळं करता येतं. ही बातमी सशाची नाही. तुमची आहे.

पानास : तुझ्या बापाच्या घराची सगळी दारं मी बसवलीत, पोरी. मला दारं येतात. हे नाही येत. त्याचा खरा क्रूस करायला घेतला, तर रंधा चालेना. हा बोटभर तेवढा झाला.

रुस्लाना : मी शेजारी बसते. ‘झोपला’ म्हणू नका, ‘देवाघरी गेला’ म्हणू नका. मेला म्हणा. आणि तिने विचारलेलं ठाऊक नसेल, तर ठाऊक नाही म्हणा.

पानास : लेकरू आहे गं ते. आठ वर्षांचं.

रुस्लाना : सोलोमिया! ये आत.

(सोलोमिया येते. वाळूच्या पेटीपाशी थांबते.)

सोलोमिया : नळी कुठाय?

रुस्लाना : नळी काढली गेली. मी नाही काढली, पण पेटी सांभाळायचं काम माझं होतं. माझं चुकलं.

सोलोमिया : हे कोणी लावलं?

पानास : मी लावलं.

सोलोमिया : दीदू, वेडा आहेस का तू? आता त्यांना कळेल ना तो कुठे आहे ते!

पानास : सोलोमिया, इकडे आजोबापाशी बस.

सोलोमिया : आधी काढ ते.

पानास : काढतो. हे बघ, काढलं. आता बस. तुझा बाबा... त्याला शोधून काढलंय.

सोलोमिया : कोणी? शिपायांनी?

पानास : आपल्या माणसांनी. जंगलात. तो मेला, बाळा. शिपायांनी त्याला नेलं, त्याच दिवसांत कधीतरी मेला. आता सापडला.

सोलोमिया : वाळूतला नाही. खरा बाबा?

पानास : खरा.

सोलोमिया : त्याला दुखलं का?

पानास : नाही, अजिबा... ठाऊक नाही. मला ठाऊक नाही, बाळा.

सोलोमिया : आईला माहितीये?

पानास : हो. ती येतेय. उद्या.

सोलोमिया : रुस्लानाताईला?

रुस्लाना : मला आत्ताच कळलं. तुझ्या थोडं आधी.

सोलोमिया : आणि तुला, दीदू?

पानास : सोमवारी.

सोलोमिया : मंगळवारी इथे येताना मी तुझ्याकडे पाव मागितला. बाबाला द्यायचाय म्हणाले. तो आतमध्ये उपाशी होता.

पानास : मला वाटलं, आपण कबरीवर ठेवतो तसा ठेवायचा असेल.

सोलोमिया : तू म्हणालास, मोठा तुकडा घे.

पानास : हो. लोणीही लावून दिलं.