चढावरचा आवाज

नाही देवीलालभाऊ, झोपच झाली नाही, डोळे त्यानं असे दिसत असतील — गाडीचाच घोर, दुसरं काय. डोळा लागला की कानात तीच खडखड सुरू. वाटत होतं, ही बंद पडली तर नेर-यवतमाळ रोज बसनं, पोरीला कडेवर घेऊन, आणि मग मिस्टर म्हणतीलच, सोड ते कॉलेज, तासांवरची तर नोकरी. ते पुण्याला असतात ना — तिथून फोनवर गाडी दुरुस्त करतात. दर वेळी एकच, ऑइल पाहिलं का. पाहिलं. ऑइल मी इतकं पाहिलं की आता तेच माझ्याकडे पाहते. मग नेटवर वाचत बसली. जुनं इंजिन किती प्रकारांनी मरू शकतं ते सगळं वाचून काढलं — पोरीला खोकला झाला तरी मी हेच करते, शेवटी तिला सर्दी निघते आणि मला ताप.

तर तुम्ही मागच्या खेपेला म्हटलं होतं ना, इथं गॅरेजात आणली की गाडी गप्प राहते, चालवताना मोबाईलमध्ये आवाज भरून आणा. आणला. काल सकाळी कॉलेजसाठी इकडं यवतमाळला येताना. फोन मागं भैरवीजवळ दिला, म्हटलं मांडीवर धरून बस, बोलू नको. चार वर्षांच्या पोरीला बोलू नको म्हणणारी मी — आणि शिकवते काय, तर बी.एड.च्या पोरींना बालविकास. सांगू नका कोणाला. आज कॉलेजला सुट्टी म्हणून तिला आजीजवळ ठेवून आली, सासूबाईंचे गुडघे दुखतात पण दोन-तीन तास सांभाळतात, रोज दिवसभर नाही होत त्यांच्यानं. हं, ऐका. हा चढ लागला. ही मी गिअर बदलते. आणि हे — आली ना? रेस दिली की वाढते. बस, एवढंच. नाही, बंद कुठं केलं — हो, केलं, बोट आपोआपच दाबते तिथं. पुढं आहे थोडं, पण त्यात गाडीचं काही नाही. म्हणजे गाडी आहे, चालूच आहे, पण आमचं बोलणं आहे, घरातलं. रेस सोडल्यावर खडखड थांबते का, तेच ऐकायचं आहे? थांबते. मी सांगते ना. हो, मागच्या वेळी मीच सांगितलं होतं की उजव्या चाकात आहे, आणि तिथं काहीच निघालं नाही, ते पण खरं.

बरं, सांगून टाकते, नाही तर तुम्हाला वाटेल ही बाई काय लपवून राहिली. निघायच्या आधी मिस्टरांचा फोन झाला होता, विकून टाक ती गाडी, कायले पाहिजे एवढी धावपळ. डोकं तिथंच गेलं होतं — आणि मागून ही, आई आवाज कायचा, आई गाडी रडते का, आई, आई, आई. मी म्हटलं — ओरडून नाही हो, साध्या आवाजात, तेच वाईट — म्हटलं, तू नसती ना भैरवी, तर मी केव्हाच निघून गेली असती. कुठं? आता कुठं ते मला तरी कुठं माहीत आहे. नेरच्या स्टँडवर एवढ्या बसा लागतात, त्यातली एकही आपली वाटत नाही. पण म्हटलं खरं. आणि आरशात दिसलं, ती काहीतरी बोलली. ओठ हलले. पण ही खडखड, त्यात कापसाचा ट्रक हॉर्न देत बाजूनं गेला — ऐकूच आलं नाही. काय म्हटलं गं, एवढं विचारायचं होतं ना? नाही विचारलं. भ्याली मी. संध्याकाळी जेवताना विचारलं, तर म्हणे, मला आंबट दही नको. झालं.

फोन तिच्याच मांडीवर होता, म्हणजे ते त्यात असणार. रात्रभर उशाशी घेऊन पडली, चढापर्यंत लावायची आणि बंद करायची, पुढचं ऐकायची हिंमत नाही झाली. ती रडली असती तर समजलं असतं — रडली नाही, खिडकीबाहेर पाहत बसली, ते कायमचं मनात ठेवलं तर? पोरं ठेवतात हो, मीच शिकवते ते फळ्यावर लिहून. म्हणून तुमच्याकडे आली, भाऊ. गाडीसाठीही आली, पण — चढ संपतो तिथं मी रेस सोडते, तुम्हाला जे पाहिजे ते नेमकं तिथंच आहे. तुम्ही ऐका, मी तिकडं टायरांजवळ उभी राहते. काही वाईट असलं तर सांगू नका, म्हणा फक्त गाडीचा आवाज आहे. नाही — नाही, राहू द्या, मोठ्यानंच लावा.

हं. हे माझं वाक्य. माझ्याकडे पाहू नका. हा ट्रक. आता रेस सुटली — थांबली ना खडखड? काय म्हणता, इंजिन चांगलं आहे? ज्या रबरावर बसवलं असते ते फाटलं, म्हणून जोर पडला की आदळते? बरं. बदला मग. आज होते की उद्या — थांबा, थांबा. भाऊ, थोडं मागं घ्या. ट्रकच्या नंतर. आवाज वाढवा.

"मग चाल ना आई. मी तं बसलीच आहो."