पहिल्या पानावरची ओळ

आफ्रिका अभ्यास परिषदेच्या नोंदणीच्या रांगेत माझ्यापुढे दोघी प्राध्यापिका होत्या. एकीने टेबलावरचा एक बिल्ला उचलून दुसरीला दाखवला.

"अगं, हा तुझ्या सरांचा बिल्ला. निबंध यंदाही तूच वाचणार?"

"मीच. चौथं वर्ष."

"यंदाही व्हिसा नाही दिला? कमाल आहे! सत्र त्यांच्याच आफ्रिकेतल्या गावावर, सगळं जग इथे येऊन बसलंय, आणि हा एकटा माणूस नको?"

"यंदा दिला गं. सोमवारी आला."

"मग आहेत कुठे?"

"सर त्याआधीच्या शनिवारीच गेले."

"अगं आई गं…"

"बिल्ला दे इकडे. त्यांच्या घरी पाठवते. काकू भिंतीवरच्या खिळ्याला लावतात, आधीच्या तिन्हींबरोबर."

"आणि सुरुवात कशी करणार?"

"पहिल्या पानावर दरवर्षी ते स्वतः लिहायचे, 'येता आलं नाही, क्षमा असावी.' यंदाही टाइप केलं होतं. मग, यंदा येणारच म्हणून, स्वतःच पेनाने खोडलंय."