संशयाचं नाव

अकोल्यात मनोविकारतज्ज्ञाच्या दवाखान्यात भावना नंबराची वाट पाहत होती. शेजारी एक म्हातारी लेकीशी बोलत होती. म्हातारीचा नवरा आत डॉक्टरांपुढे होता.

"ते पॅरानोया म्हणजे काय वं, प्राजक्ता?"

"आजार हाय, माय. माणसाले बिनकारणाचा संशय येते."

"मंग दूधवाल्याशी बोलली म्हणून तुह्या बाबानं मले मारलं, तेबी आजारानंच?"

"हो. त्याइचा दोष नाई म्हणे."

"माह्या भावानं मले माहेरी ठेवलं नाई. म्हणे, काहीतरी असंन म्हणूनच मारते. त्यालेबी आजार होता?"

"नाई, माय."

"अन् तू बारावीत असतानी मले इचारलं होतं, बाबा म्हणते ते खरं हाय काय. तुले काय झालं होतं?"

आतलं दार बंदच होतं.

"येतीन आता बाबा," प्राजक्ता म्हणाली.