कुठलं नांदगाव?

...नाही, मी म्हणतो, सरकारने अख्ख्या कुलाबा जिल्ह्याचं नाव बदलून रायगड केलं, तर जाता जाता आमच्या नांदगावचंही बदलायला काय झालं होतं? तुम्हाला सांगतो, माझं लग्न मोडत होतं या नावापायी! नांदगाव म्हणे! कुठलं नांदगाव?

जानकी साकीनाक्याला आमच्याच रेडिओच्या कारखान्यात, शेजारच्या टेबलावर. वर्षभर गप्पा मारल्या, पण गाव विचारायचं सुचलंच नाही. मला ती मनापासून आवडायची हो! मागणी घालायला गेलो मानखुर्दला, तिच्या घरी, तेही नेमका नारळी पुनवेला. तिचे वडील लवूतात्या, पक्के मालवणी, पहिलाच प्रश्न, ‘गाव खंयचो?’ मी छाती फुगवून म्हटलं, ‘नांदगाव!’

तात्या खुर्चीतून उठलेच. ‘आमचोय नांदगावच! मगे तू जानकीचो भाव लागतंस मरे!’

भाऊ! आणि आत ओरडून, ‘अगे, राखी हाड गे!’

तिची आई राखी घेऊन हजर! मी उजवा हात खिशात कोंबला तो कोंबलाच, चहासुद्धा डाव्या हाताने प्यालो. जानकी दाराआड रडकुंडीला आलेली. म्हटलं, ‘तात्या, तुमचं कणकवलीचं, आमचं कुलाब्याचं’... आता जिल्हा रायगड झालाय, पण जिभेवर कुलाबाच ना! तर तात्या म्हणतात कसे, ‘कुलाब्याक माझो साडू रवता. थंय बिल्डिंगी आसत, गाव खंय?’

घ्या! मग सांगितलं, आमच्या नांदगावला समुद्र आहे. तर म्हातारा भडकलाच, ‘नांदगावात दर्यो? खंयसून इलो? माझो जल्म गेलो थंय, माका कधी दिसाक नाय!’ आणि बायकोला हळूच, म्हणजे पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या हळूच, ‘झिलगो खोटारडो आसा.’

वाट लागली! शेवटी हात जोडले, म्हटलं चला, डोळ्यांनी बघा. एस.टी.त बसवलं. गोव्याचा रस्ता सोडून गाडी वळली तसे हे ओरडले, ‘ड्रायव्हर, चुकलंस!’ ड्रायव्हर म्हणाला, ‘कुठं जायचंय, बाबा?’ ‘नांदगावाक!’ आता तो तरी काय विचारणार? कुठलं नांदगाव!

पोचलो. तात्या किनाऱ्यावर गेले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाण्यात उभे राहिले, ओंजळभर पाणी तोंडात घेऊन थुंकले.

‘आसा,’ म्हणाले. ‘दर्यो आसा खरो. पण ह्यो नांदगाव न्हय. नांदगाव म्हंजे आमचोच!’

माझे वाडवडील खापरपणजोबांपासून तिथलेच, पण मी तोंडातून ब्र काढला नाही. कारण पुढचं वाक्य होतं, ‘नांदगाव न्हय म्हंजे तू भाव न्हय. मुहूर्त बघ!’

झालं लग्न. झकास झालं. पण आता घाटकोपरच्या खोलीत जरा वाजलं की जानकी पिशवी भरते. ‘मी चालले नांदगावला!’ तात्या आता मानखुर्द सोडून गावीच राहायला गेलेत. मला सांगा, माहेर नांदगाव, सासर नांदगाव, ही गेली कुठे? बापाकडे गेली तर बाप तिचा, आणि माझ्या आईकडे गेली तर आईसुद्धा तिचीच! विचारलं, तर म्हणते, ‘तुम्हाला काय करायचंय?’

आत्तासुद्धा तिलाच आणायला निघालोय. एस.टी.च्या तिकीट खिडकीवर म्हटलं, ‘साहेब, एक नांदगाव द्या.’

त्याने मान वर करून विचारलं, ‘कुठलं?’

म्हटलं, ‘बायको असेल ते.’