अण्णांची गाडी मीच चालू केलंय

कट्टा म्हणान बाजारगाव आसा, माझा गाव तेच्या आतल्या बाजूक, डोंगराक लागून. बापाशीची भाताची शेती, थोड्यो काजी, आणि आमी चार भावंडां. माका शेतीत गोडी नाय, काय सांगू तुमका, माका लोखंडाचो वास आवडा. बापाशीन ता वळाखल्यान आणि माका म्हापशाक एका किरिस्तांव मेस्ताकडे नेवन घातल्यान. तो मेस्त म्हणा, हात मगे चलव, आधी इंजिनाचो आवाज आयकाक शीक. सात वर्षां तेच्याकडे आयकाकच शिकलंय म्हणा ना. मगे कट्ट्याक येवन पत्र्याखाली गॅरेज घातलंय. रिक्षा, टेंपो, होड्यांची इंजिनां, काय येयत तां. लोक माका दाजी मेस्त्री म्हणतत.

आता अण्णा कोण तां सांगतंय. अण्णा तोंडवलीचे, आंबो-काजीचे व्यापारी. मी गॅरेज घातलंय तेवा तेनी गोव्याच्या एका माणसाकडसून विलायती गाडी घेतल्यानी. हिरवी, ठेंगणी, दोनच माणसांची, वर कापडाचा छत, तां दुमडून मागे टाकूचा. ती कट्ट्याच्या स्टॉपावरसून गेली की बाजार थांबा, खोटा नाय सांगणंय. आणि मगे एका वर्षी ती गाडी दिसाचीच बंद झाली. मांगरात, लाकडां-गवत ठेवतत त्या छपरात, चिऱ्यांवर चढवून, ताडपत्री घालून ठेवली. चावी खंय टाकल्यानी कोणाक म्हायत नाय. मी एकदा इचारलंय, अण्णा, गाडी कित्याक ठेवलास? तर म्हणाक लागले, दमली ती. आणि आंब्याचा बोलूक लागले. वीस-बावीस वर्षां तशीच गेली.

मगे अण्णांका वारो मारलो. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावो हात आणि डोळे, एवढाच रवला.

तेंचो झील विक्रम पुण्याक नोकरेक. गेल्या वर्षी दोन महिन्यांची रजा घेवन माझ्याकडे इलो. मेस्त्रीकाका, म्हणालो, बाबांना एकदा त्या गाडीत बसवून समुद्रापर्यंत न्यायचंय, त्यांना आता किती दिवस मिळतील कोण जाणे. असा कोणी म्हटला तर तुमी नाय म्हणशात? आणि खरां सांगतंय, माकाच ती गाडी व्हई होती. तरणो होतंय तेवापासून तिच्या इंजिनाक हात लावची इच्छा होती.

ताडपत्री काढली. सीटींत उंदरांनी घरां केलेली, पेट्रोलच्या टाकयेत काळो चीक, इंजिन आवळलेला. प्लगांच्या भोकातसून तेल सोडलंय आणि आठ दिवस थांबलंय. मगे पान्यान हातान फिरवूक बघितलंय, हलाना. आणखी चार दिवस. पाचव्या दिवशी केसभर हललां. माझ्या डोळ्यांत पाणी इला, हसा नको.

मांगर पडवेच्या समोर. अण्णा पडवेत खुर्चेर बसान बघत. आणि एक गोष्ट करत. डावी मूठ वळवीत, ती उजवीकडे नेयत आणि खुर्चेच्या हातार आपटीत. परत परत. तोंडातसून आवाज काढीत. विक्रम म्हणा, बघा काका, बाबा गाडी चालवताहेत, किती खूश आहेत. काकी, म्हणजे अण्णांची बायल, ती पण रडा, म्हणा किती दिवसांनी जीव इलो तेंका. पण तेंचे डोळे खूश नाय होते. माका तां दिसा. दिसा आणि मी खाली मान घालून काम करी.

दीड महिन्यान इंजिन चालू झाला. काय तो आवाज! वाडयेतली माणसां धावत इली. अण्णांनी डोळे मिटल्यानी.

दुसऱ्या दिवशी खाली आडवो पडून चासी, म्हणजे गाडयेचो खालचो सांगाडो, खरवडूक लागलंय. खाऱ्या वाऱ्यान लोखंड खाल्लेला, तां धरून चललेलोच होतंय. पण उजव्या पुढच्या चाकाच्या मागे रंगाखाली वेल्डिंग दिसला. गाडी एकदा मोडून जोडलेली. हातोडो मारून बघितलंय. बाकी चासी वाजा, थंय मातयेर मारल्यासारखो आवाज, म्हणजे आतसून लोखंड कुसलेला.

विक्रमबाब, म्हटलंय, ही चासी काढून नवीन बनवूक व्हई, दोन-तीन महिने जातले. तो मगे म्हणालो, काका, माझी रजा रविवारी संपते, दोन मैल तर जायचंय, तेवढं नाही धरणार? मी आयकाक शिकलेलो माणूस. तो आवाज माका कळललो. तरी मी म्हटलंय, हळू चलवा, धरात. कित्याक म्हटलंय? इंजिन चालू झाल्यापासून माझी छाती फुगलेली. माका ती गाडी रस्त्यार बघूची होती. दुसरा कारण नाय.

रविवारी सकाळी अण्णांका उचलून गाडयेकडे नेला. दरवाजो उघडलो तसो तेनी डाव्या हातान मांगराचो खांब धरल्यानी. सोडीनत. वरडाक लागले, असो आवाज मी जनावराचो पण आयकाक नाय. काकी म्हणाली, घाबरले ते, ऱ्हवांदे. विक्रमाचा तोंड उतरला. म्हणालो, काका, तुम्ही बसा, बाबांना दिसेल तरी. तेंच्या जागेर मी बसलंय.

उतारार वळणाक विक्रमान ब्रेक लावल्यान, आणि गाडी उजवीकडे ओढूक लागली. तो स्टेरिंग डावीकडे फिरवता, गाडी आयकना. त्या एका क्षणात माका अण्णांची मूठ दिसली. दीड महिनो तो माणूस माका हेच सांगी होतो. खालसून कडकन आवाज इलो, चाक आत मुडापला, आणि आमी उजवीकडच्या चिऱ्यांच्या गडग्यार. माका हनवटयेक पाच टाके. विक्रमाचो उजवो पाय गुडघ्याखालसून काढूचो लागलो.

तो माका एक शब्द वायट बोलूक नाय. उलट म्हणता, काका, तुम्ही सांगितलं होतं. सांगितलंय खरां, पण मगे धरात कोणी म्हटला? अण्णा पावसाच्या आधीच गेले. मी खांदो दिलंय. तेंच्या डोळ्यांत बघूक माका शेवटपर्यंत जमाक नाय.

आता मागच्या महिन्यात कोल्हापुरचो एक माणूस ती मोडलेली गाडी विकत घेवक इलो. मी तेका खाली झोपवून ती मोडलेली जागा दाखवलंय, सगळा सांगितलंय, विक्रमाच्या पायाचा पण. तो हूं हूं करी होतो. मगे म्हणालो, इंजिन चालू होतं का? चालू करून दाखवलंय. तेच्या तोंडार जा हसू इला, तां मी वळाखलंय.

ट्रकार चढवचे आधी मी त्या जागेर पांढऱ्या रंगान मोठी फुली मारून ठेवलंय. आणखी मी काय करतलंय? त्या फुलयेर काळो रंग मारूक कितीसो वेळ लागता? तेची बायको ट्रकात पुढे बसलली, गरोदर दिसा. देवा म्हाराजा, तेंका सांभाळ.