आण्णा आले की उठायचं

माझं माहेर डिंभ्याचं, धरणाच्या कडंला. वडील धरणात मासं धरायचे, आन त्या घरातनं मी इंजिनेर झाले, म्हंजी बघा. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत लागले, कोडिंग करायचे, माझ्या हाताखाली पोरं व्हती, घरी पोळ्यांना बाई व्हती. तवा मी अशी बोलत नव्हते ताई, तुमच्यासारखी शुद्ध बोलायचे. लग्न निमगाव साव्यात झालं, मालक पण पुण्यातच नोकरीला. मग हितं गावाकडं सासूबाईंचं अर्धं अंग गेलं. मालक म्हणले, दोन महिने जा, आईला बरं वाटलं की ये.

काय सांगू तुमाला, त्या दोन महिन्यांत कडेवरची माझी पोरगी दहावीला गेली.

सासूबाई गेल्या मागच्या साली. दिवसकार्य झालं, पावणंरावळं पांगलं, आन मी माळ्यावरनं लॅपटॉप काढला तर तो सुरूच व्हईना. नवा घेतला. बघते तर माझं सगळं शिळं झालेलं, मी ज्याच्यात कोड लिहायचे त्याला आता कोण विचारत न्हाई. परत पहिल्यापासनं शिकले, दुपारची भांडी आवरली की व्हिडिओ बघून. अर्ज लई केले. एका कंपनीतल्या बाईनं फोनवर विचारलं, येवढी वर्षं काय करत व्हता? म्हणलं, माणूस सांभाळत व्हते. ती म्हणली, ते न्हाई, कामाचं काय? आता बोला.

मग एक जागा निघाली, खास मधी नोकरी सोडून घरी बसलेल्या बायांसाठी. ऑनलाईन परीक्षा, कॅमेरा चालू ठेवायचा, खुर्चीवरनं हलायचं न्हाई, तोंड दिसलं पाहिजे, न्हाईतर परीक्षा आपोआप बंद. आन एकदाच द्यायची, परत न्हाई. घरात सगळ्यांना बजावलं, आण्णांना सुद्धा, आण्णा म्हंजी माझे सासरे. कुणी आत यायचं न्हाई. आण्णा म्हणले, बरं. कडी लावायची व्हती म्हणाल, तर सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासनं आमच्यात आतनं कडी लावायची सवयच न्हाई.

आन पेपर मला येत व्हता हो. तेच लई लागतं जिवाला. बोटं भराभर चालत व्हती, वाटलं, हाये मी अजून, संपले न्हाई. शेवटचा प्रश्न राह्यला व्हता. तेवढ्यात आळेफाट्याचं पावणं आलं आन आण्णा विसरले, सरळ आत आले, म्हणले, चहा टाक गं. आन मी काय केलं? उठले. डोक्यावर पदर घेतला, तोंड भिंतीकडं केलं आन उभी राह्यले. सासरे आले की उठायचं, लग्न झाल्यापासनं तेच केलंय, त्याला इचार करावा लागत न्हाई. वळून बघते तर परीक्षा बंद. कॅमेऱ्याला वाटलं, बाई कॉपी करायला उठली.

मग मी चहा केला.

मेल टाकला कंपनीला, सगळं लिहिलं. मशीननं उत्तर दिलं, तुमच्या सहभागाबद्दल धन्यवाद. मालक म्हणले, जाऊ दे, आपल्याला काय कमी हाये? त्यांना कळलंच न्हाई काय गेलं ते. मलाच तेवढं कळलं. आता लॅपटॉप उघडते आन नुसती बसते, शिकायला हातच उचलत न्हाई, कुणासाठी आन कशासाठी शिकू?

आण्णा वाईट न्हाईत. समजल्यावर नीट जेवले न्हाईत. म्हणले, पोरी, आजपासनं माझ्यासमोर उठायचं न्हाई. म्हणलं, बरं आण्णा. आता म्हणून काय उपेग, पण म्हणले बिचारे.

तुमची लेक शिकतीय ना पुण्यात? तिचं लई चांगलं व्हावं. फक्त दोन महिन्यासाठी म्हणून तिला कुठं पाठवू नका.

थांबा हां, ओसरीवर खोकला वाजला, आण्णा आले वाटतं. बसा ताई, तुमी नका उठू, तुमाला काय गरज. हे बघा, मी उठले बी.